मॅनेजर कोण हवा यावरून मोडलेली बैठक

‘आदरणीय ताई,
मी भुसावळला रेल्वेत नोकरी करतो. कॉलेजपासूनचे आम्ही सात-आठ मित्र मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचे समर्थक आहोत आणि सामने बहुतेक वेळा आमच्याच घरी, गच्चीवरच्या खोलीत बघतो. यंदा दिवाळीनंतर क्लबचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, बदलावा का आणि त्याच्या जागी कोणाला आणावे, यावरून आमच्यात तीन तट पडले. सावद्याचा मित्र केळीचा व्यापारी आहे, त्याला चषक जिंकलेला नावाजलेला माणूस हवा. दीपनगरचा इंजिनियर म्हणतो, क्लबचाच एखादा जुना खेळाडू आणा. यावलचे आमचे मास्तर क्लबचे जुने मॅनेजर फर्ग्युसन यांचे उदाहरण देऊन ‘थांबा’ एवढेच सांगतात. मागच्या पराभवानंतर वाद इतका पेटला, की इंजिनियर सावद्याच्या मित्राला म्हणाला, ‘तू तर रोनाल्डो बघून आलेला, तुला काय कळतं?’ तो उठून गेला, तो पुन्हा आलेला नाही. दर वर्षी त्याच्याच मळ्यात आमची भरीत पार्टी होते. यंदा तिचे कोणी नावही काढत नाही. बायको म्हणते, ‘मँचेस्टरवाल्यांनी तुमाले इचारलं का?’ या तिघांत बरोबर कोण आणि यजमान म्हणून मी काय करावे, ते कृपया सांगावे.
— एक वाचक, भुसावळ’

प्रिय वाचक,

सध्याच्या मॅनेजरचे नाव आणि त्याच्या जागी तुमच्या मित्रांनी सुचवलेली पाच नावे मी तुमच्या पत्रातून मुद्दाम गाळली आहेत. हे सदर छापून तुमच्या हाती पडेपर्यंत त्या पाचांपैकी एकाने दुसऱ्याच क्लबाशी करार केलेला असतो आणि आणखी एखाद्याची स्वतःचीच नोकरी गेलेली असते, इतका हा धंदा चंचल आहे. शिवाय तुमचे पत्र दोनदा वाचल्यावर माझी खात्री झाली, की तुमचे तिघे मित्र तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत आणि समोरचा आपल्याच प्रश्नाचे चुकीचे उत्तर देतो आहे, असे प्रत्येकाला वाटते आहे. हा घोळ निस्तरल्याशिवाय नावांवर कितीही रात्री जागवल्या, तरी वाद संपणार नाही.

आधी क्लबाचा अलीकडचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवू. सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन मे २०१३ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर २०२५ पर्यंत या क्लबाने सहा माणसे कायमस्वरूपी नेमली, आणि गंमत अशी, की तुमच्या गच्चीवर मांडली गेलेली प्रत्येक सूचना त्या सहांत एकदा तरी अमलात येऊन गेली आहे. स्थैर्य हवे होते, म्हणून खुद्द फर्ग्युसन यांच्या पसंतीच्या डेव्हिड मॉयस यांना सहा वर्षांचा करार दिला आणि एप्रिल २०१४ मध्ये, पहिला मोसमही पुरा होऊ न देता, घरी पाठवले. नावाजलेला माणूस हवा होता, म्हणून १९९५ मध्ये नेदरलँड्सच्या आयाक्सला चॅम्पियन्स लीग ही युरोपातली सर्वोच्च क्लब स्पर्धा जिंकून दिलेले लुई व्हान गाल आले. मे २०१६ मध्ये त्यांनी एफए कप हा इंग्लंडचा चषक जिंकला आणि दोनच दिवसांत त्यांच्या हाती नारळ दिला गेला. त्यांच्याहून झगमगते नाव म्हणून जोझे मोरिन्यो आले. त्यांनी २०१७ मध्ये लीग कप आणि युरोपा लीग असे दोन चषक आणले, पुढच्या मोसमात लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल साखळी स्पर्धेत, दुसरा क्रमांक मिळवला आणि डिसेंबर २०१८ मध्ये तेही गेले. मग घरचा माणूस म्हणून ओले गुन्नार सोल्शार, मग आखीवरेखीव खेळ शिकवणारा म्हणून एरिक टेन हाग, मग तरुण आणि ठाम मतांचा म्हणून रुबेन आमोरिम. आमोरिम आले त्या मोसमात, म्हणजे २०२४-२५ मध्ये, संघ ४२ गुणांवर पंधराव्या क्रमांकाला थांबला.

माणसाचा प्रकार बदलून पाहणे हाच उपाय असता, तर बारा वर्षांत तो कधीतरी लागू पडला असता. तुमच्या मित्रांनी आपापले मत मांडण्यापूर्वी ही यादी एकदा शांतपणे वाचावी, अशी माझी पहिली विनंती आहे. सावद्याच्या मित्राच्या मताविषयी मला याहून जास्त काही सांगायचे नाही; त्यांच्या पसंतीचा प्रयोग या क्लबाने लागोपाठ दोनदा केला आहे आणि त्याचे फळ वर दिलेलेच आहे.

इंजिनियर मित्राचे मत मात्र बारकाईने तपासण्यासारखे आहे, कारण ते सर्वांत मोहक आहे. १९९९ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकविरुद्ध भरपाईच्या वेळेत विजयी गोल करणारे सोल्शार डिसेंबर २०१८ मध्ये काळजीवाहू मॅनेजर म्हणून परतले, तेव्हा समर्थकांना दुसरी दिवाळी आल्यासारखे झाले होते. पहिल्या १९ सामन्यांपैकी १४ त्यांनी जिंकले. पॅरिस सेंट-जर्मेनकडून घरच्या मैदानावर ०-२ असा मार खाल्ल्यानंतर पॅरिसमध्ये जाऊन ३-१ ने सामना जिंकला आणि पुढची फेरी गाठली. त्या भरात क्लबाने २८ मार्च २०१९ रोजी त्यांच्याशी तीन वर्षांचा करार केला, आणि करारावरची शाई वाळते न वाळते तोच संघाची हवा गेली. एव्हर्टनकडून ०-४ असा पराभव झाला. मोसमाच्या अखेरच्या दिवशी, आधीच खालच्या विभागात ढकलल्या गेलेल्या कार्डिफने ओल्ड ट्रॅफर्डवर येऊन ०-२ ने हरवले. सोल्शार अगदीच कुचकामी होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पुढच्या दोन मोसमांत त्यांनी अनुक्रमे तिसरा आणि दुसरा क्रमांक मिळवला होता. पण त्यांना कायम करण्याचा निर्णय तीन महिन्यांच्या निकालांवर घेतला गेला, आणि नव्या मॅनेजरच्या पहिल्या तीन महिन्यांचे निकाल हा फार भुलवणारा पुरावा असतो.

तो का भुलवतो, हे सांगायला हवे. मॅनेजरची नोकरी जाते, तेव्हा संघ बहुधा आपल्या कुवतीच्याही खाली घसरलेला असतो. एक-दोन मुख्य बचावपटू जायबंदी असतात, चेंडू खांबाला लागून बाहेर जातो, पेनल्टी हुकते आणि समोरच्याचा एकुलता एक फटका जाळ्यात जातो. एवढे दुर्दैव फार दिवस टिकत नाही. माणूस बदलला काय किंवा न बदलला काय, संघ पुन्हा आपल्या पायरीवर येतोच, फक्त त्याचे श्रेय त्या वेळी जो खुर्चीवर असेल त्याला मिळते. बास तर वील या अर्थशास्त्रज्ञांनी नेदरलँड्सच्या अव्वल लीगमधल्या १९८६ ते २००४ या काळातल्या मॅनेजर-बदलांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनी केवळ हकालपट्टी झालेले संघ पाहिले नाहीत. तशाच घसरणीत सापडूनही ज्यांनी माणूस बदलला नाही, असे संघही शेजारी मांडले. सावरण्याच्या बाबतीत दोघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. बाकावर बसून कंटाळलेले चार खेळाडू नव्या साहेबांपुढे जोराने पळतात, हे खरे आहे, पण तो जोर थंडी ओसरेपर्यंतचा असतो.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये, की बदल कधीच फळत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाने स्टीव्हन जेरार्ड यांना काढले, तेव्हा तो संघ तळाच्या तिघांना, म्हणजे मोसमाअखेर खालच्या विभागात जाणाऱ्यांना, खेटून उभा होता. उनाय एमेरी आले आणि त्याच मोसमात संघ सातवा, तर पुढच्या मोसमात चौथा आला. चेल्सीने जानेवारी २०२१ मध्ये फ्रँक लॅम्पार्ड यांच्या जागी थॉमस टुखेल यांना बसवले आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली. जेरार्ड आणि लॅम्पार्ड दोघेही खेळाडू म्हणून थोर होते, लॅम्पार्ड तर चेल्सीच्या घरचेच होते, एवढे इंजिनियर मित्राच्या कानावर घालायला हरकत नाही.

आता मास्तर. त्यांचे उदाहरण खरे आहे, पण ते अर्धेच सांगितले जाते. फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये आले आणि तीन वर्षे हाती काही लागले नाही. सप्टेंबर १९८९ मध्ये मँचेस्टर सिटीने ५-१ असे धुतले, डिसेंबरात ओल्ड ट्रॅफर्डच्या प्रेक्षकांतून ‘आता पुरे, जा’ अशा आशयाचा फलक झळकला. जानेवारी १९९० मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्धचा एफए कपचा सामना मार्क रॉबिन्सच्या एका गोलावर निभावला, तोच चषक मे महिन्यात घरी आला आणि पहिले लीग विजेतेपद थेट १९९३ मध्ये मिळाले. ही गोष्ट सांगून मास्तर म्हणतात, थांबा. परंतु क्लबाचे संचालक केवळ श्रद्धेच्या बळावर थांबले नव्हते. फर्ग्युसन यांनी त्याआधी अ‍ॅबर्डीनसारख्या लहान क्लबाला तीनदा स्कॉटलंडची लीग जिंकून दिली होती आणि १९८३ मध्ये युरोपियन कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदला हरवले होते. मँचेस्टरला आल्यावर त्यांनी पोरसवदा खेळाडू हेरण्याची यंत्रणा नव्याने उभी केली होती, आणि तिचे काम निकालांत दिसत नसले, तरी आतल्या माणसांना दिसत होते. शिवाय थांबून ज्यांचे भले झाले, त्यांच्याच गोष्टी आपल्याला पाठ असतात. थांबल्यामुळे खालच्या विभागात गेलेल्या क्लबांच्या गोष्टी कोणी गच्चीवर सांगत नाही.

मास्तरांना उदाहरण हवेच असेल, तर त्यांनी आर्सेनल या प्रतिस्पर्धी क्लबाचे द्यावे, जरी ते तुमच्या गच्चीवर गोड लागणार नाही. मिकेल आर्तेता डिसेंबर २०१९ मध्ये आले. त्या मोसमात एफए कप मिळाला, पण लीगमध्ये दोन मोसम लागोपाठ आठवा क्रमांक आला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये पहिले तीन सामने एकही गोल न करता गमावून संघ तक्त्याच्या तळाशी गेला. आपल्याकडे तेवढ्यात पुतळे जाळले असते. क्लब थांबला, कारण कोणते वयस्क, भरमसाट पगाराचे खेळाडू काढायचे, कोणत्या वयाचे नवे घ्यायचे आणि त्यांना कसे खेळवायचे, याचा आराखडा मॅनेजर आणि खेळाडू-खरेदी पाहणारे अधिकारी यांनी मिळून ठरवला होता आणि त्यावर काम चालू असल्याचे दिसत होते. तिथून पुढे संघ पाचवा आणि मग सलग तीन मोसम दुसरा आला. या थांबण्याला कारण होते, आणि ते कारण तपासून पाहता येत होते.

येथे मला जे म्हणायचे आहे, ते सांगते. तुमच्या भागात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार ठरतो, तेव्हा शेतकरी काय विचारतो, ते आठवून पाहा. बागायत किती आणि कोरडवाहू किती, रात्री वीज आल्यावर केळीला पाणी कोणी द्यायचे, मशागत बैलजोडीने की ट्रॅक्टरने, गुरांचे शेणपाणी त्याच्याकडे की दुसऱ्याकडे, हे सगळे आधी बोलून घेतले जाते आणि मग माणसाचा आणि सालाच्या रकमेचा विषय निघतो. ज्याला बैल हाकायची हौस आहे, त्याला ठिबकच्या नळ्यांच्या मागे लावले, तर माणूसही नासतो आणि मळाही. तुमच्या क्लबाने गेली अनेक वर्षे नेमके हेच केले आहे. टेन हाग यांच्यासाठी २०२२ मध्ये आयाक्सहून अँटनी या विंगरला, म्हणजे कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूला, आठ कोटी पौंडांहून अधिक मोजून आणले. नोव्हेंबर २०२४ मध्ये, मोसम ऐन रंगात असताना, आमोरिम आले. त्यांच्या ३-४-३ (मागे तीन, मध्ये चार, पुढे तीन) रचनेत कडेने वर-खाली धावणारे विंग-बॅक लागतात, आणि नेमके तेच संघात नव्हते. तीन महिन्यांच्या आत अँटनीला उसनवारीवर स्पेनला धाडावे लागले आणि इटलीहून एक विंग-बॅक विकत घ्यावा लागला. यात एकट्या टेन हाग यांचे चुकले किंवा एकट्या आमोरिम यांचे चुकले, असे मला वाटत नाही. एकासाठी घेतलेली माणसे दुसऱ्याच्या गळ्यात बांधली गेली, ही चूक त्या दोघांनाही नेमणाऱ्यांची आहे.

ज्यांनी काम आधी ठरवले, त्यांचे काय झाले, तेही पाहा. २०२४ च्या सुरुवातीला युर्गन क्लॉप यांनी लिव्हरपूल सोडत असल्याचे जाहीर केले, तेव्हा बहुतेक समर्थकांच्या तोंडी शाबी अलोन्सो यांचेच नाव होते. ते लिव्हरपूलचे जुने खेळाडू आणि जर्मनीत त्या वर्षी अजिंक्य ठरत असलेल्या लेव्हरकुझेनचे मॅनेजर. म्हणजे तुमच्या इंजिनियरची आणि केळीच्या व्यापाऱ्याची, दोघांचीही एका माणसात सोय झाली असती. अलोन्सो यांनी मार्चमध्ये लेव्हरकुझेनलाच राहण्याचे जाहीर केले. क्लबाच्या अधिकाऱ्यांनी मग नेदरलँड्समधल्या फेयेनूर्डचे आर्ने स्लॉट यांना निवडले, ज्यांचे नाव इंग्लंडमधल्या पुष्कळ समर्थकांनी तोवर धड ऐकलेही नव्हते. क्लॉप यांनी मागे ठेवलेल्या खेळाडूंना जो खेळ मानवतो, त्याच्या जवळ जाणारा खेळ स्लॉट यांचे संघ आधीपासून खेळत होते. त्या उन्हाळ्यात मोठी खरेदी जवळपास झालीच नाही, आणि एप्रिल २०२५ मध्ये चार सामने शिल्लक असतानाच लीग खिशात आली. ब्रायटन हा क्लब तर त्याहून लहान. सप्टेंबर २०२२ मध्ये चेल्सीने त्यांचे ग्रॅहम पॉटर पळवले, तेव्हा थोड्याच दिवसांत त्यांनी रॉबेर्तो दे झेर्बी यांना आणले आणि मोसम सहाव्या क्रमांकावर संपवला, जो त्या क्लबाच्या इतिहासातला सर्वोत्तम होता. आपला संघ कसा खेळणार हे ज्यांचे ठरलेले असते, त्यांना ऐनवेळी माणूस शोधत वणवण फिरावे लागत नाही.

याउलट तुमच्या क्लबाने टेन हाग यांच्या बाबतीत काय केले, ते विसरू नका. २०२४ मध्ये लीगमध्ये आठवा क्रमांक आला, पण एफए कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला हरवले, म्हणून जुलैमध्ये त्यांचा करार वाढवला आणि ऑक्टोबरात त्यांना काढले. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना द्यावी लागलेली रक्कम क्लबाच्याच हिशेबात सुमारे १ कोटी ४ लाख पौंड दिसते. खेळाडू-खरेदीसाठी मोठा गाजावाजा करून आणलेले क्रीडा संचालक डॅन अ‍ॅशवर्थ त्याच वर्षी पाच महिन्यांत बाहेर पडले. ज्या घरात ठरवणाराच टिकत नाही, त्या घरात मॅनेजर टिकावा, ही अपेक्षा मला जरा जास्त वाटते.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की मास्तरांचा निष्कर्ष मला बराचसा मान्य आहे, त्यांचे कारण मान्य नाही. ऐन मोसमात कायमस्वरूपी माणूस आणू नये, कारण त्या काळात चांगले मॅनेजर दुसरीकडे करारात अडकलेले असतात, जानेवारीच्या बाजारात भाव चढे असतात आणि सरावाला दोन सामन्यांमधले दोन-तीन दिवस मिळतात. याला माझ्या मते दोनच अपवाद असावेत. संघ तळाच्या तीन जागांच्या टप्प्यात आला असेल, तर व्हिलाप्रमाणे तत्काळ हालचाल करावी लागते, कारण लीगमधून खाली गेल्यावर आराखडे धरून काही उपयोग नसतो. खेळाडूंनी मॅनेजरसाठी पळणेच सोडले असेल, तर मे महिन्यापर्यंत काळजीवाहू माणूस बसवावा. तो क्लबचा जुना खेळाडू असला तरी चालेल, फक्त ‘तू काळजीवाहू आहेस’ हे त्याला, समर्थकांना आणि मालकांना पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितलेले असावे आणि पॅरिस जिंकले म्हणून त्यात बदल होऊ नये. कायमची निवड उन्हाळ्यात व्हावी, आणि तीही कोणत्या पद्धतीने खेळायचे, आहेत त्यांपैकी कोणते खेळाडू ठेवायचे आणि खरेदीत शेवटचा शब्द कोणाचा, हे लिहून काढल्यानंतर.

आता तुमच्या मित्रमंडळाकडे येते. तुम्हाला वाटते, की बैठक मॅनेजरच्या नावावरून मोडली. मला तसे वाटत नाही. मॅनेजरवरून तुम्ही दिवाळीपासून भांडत होता आणि तरीही एकाच सतरंजीवर बसत होता. बैठक मोडली ती ‘तू रोनाल्डो बघून आलेला’ या एका वाक्याने, कारण त्या वाक्याने सावद्याच्या मित्राचे मत खोडले नाही, त्यांचा तेथे बसण्याचा हक्क काढून घेतला. खानदेशात मँचेस्टर युनायटेडचा वारसा कोणालाही जन्माने मिळालेला नाही. कोणी बेकहॅम बघून आला असेल, कोणी रोनाल्डो, कोणी रूनी; सगळे टीव्हीच्याच दारातून आत आले आहेत, आणि आधी कोण आला याची रांग लावायची ठरवली, तर इंजिनियर मित्रालाही आपली जागा फारशी पुढे सापडणार नाही. हवे तर त्यांना हेही सांगा, की हा क्लब १८७८ मध्ये लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या न्यूटन हीथ येथील डब्यांच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढला आणि मँचेस्टर युनायटेड हे नाव त्याला १९०२ मध्ये मिळाले. हक्काचीच भाषा करायची झाली, तर भुसावळच्या रेल्वेवाल्याचा, म्हणजे तुमचा, हक्क या दोघांच्याही आधीचा निघेल.

म्हणून पहिले काम असे करा, की इंजिनियर मित्राला सोबत न घेता, एकटे सावद्याला जा. फोनवर किंवा चारचौघांत हे बोलणे होत नाही. ‘वाक्य माझ्या घरात बोलले गेले आणि मी तेव्हाच अडवायला हवे होते’, एवढे यजमान म्हणून तुम्ही सांगितले, की पुरे. इंजिनियरच्या वतीने माफी मागू नका, ती त्यांनी स्वतः मागायची आहे. ती त्यांनी मागावी यासाठी त्यांच्याशी स्वतंत्र बोला आणि त्या बोलण्यात मॅनेजरचा विषय येऊ देऊ नका, नाहीतर ‘पण मुद्दा माझाच बरोबर होता’ यावर गाडी अडकेल. भरीत पार्टीही ठरवा. ती त्यांच्याच मळ्यात व्हावी, असा आग्रह मात्र तुम्ही धरू नका. त्यांनी आपणहून बोलावले, तर उत्तम, नाहीतर या वर्षी वांगी दुसऱ्याच्या शेतात भाजा आणि त्यांना आमंत्रण द्या.

वाद बंद करा, असे मी सांगणार नाही. संघ हरतो आहे आणि सात-आठ समर्थक गप्प बसून तो बघत आहेत, याइतके कंटाळवाणे दृश्य दुसरे नसेल. मात्र हा वाद सामन्याच्या रात्री करू नये. रात्री अकराला किंवा दीडला सुरू झालेला सामना हरून संपतो, तेव्हा कोणाच्याही तोंडून शहाणपणाचे वाक्य निघत नाही आणि खाली घरातली माणसे झोपलेली असतात. वाद भरताच्या दिवशी, जेवणे झाल्यावर, उजेडी करावा. त्या दिवशी प्रत्येकाने कागदावर आधी एवढेच लिहावे, की नव्या मॅनेजरने पहिल्या मोसमात कोणते काम केले म्हणजे मी त्याला यशस्वी म्हणेन, आणि सध्याच्या खेळाडूंपैकी कोणाच्या जिवावर त्याने ते करावे. नाव लिहायचे नाही. माझा अंदाज आहे, की सावद्याच्या आणि दीपनगरच्या कागदांत तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरेच साम्य निघेल. आणि जेथे खरा फरक असेल, तेथे तो रचनेविषयीचा किंवा एखाद्या खेळाडूविषयीचा असेल, ज्यावर भांडण्यात मजा आहे आणि ज्यात कोणाचा अपमान होत नाही.

वहिनींच्या प्रश्नाला तुम्ही पत्रात उत्तर दिलेले नाही, यावरून तो तुम्हाला लागलेला दिसतो. मँचेस्टरवाल्यांनी विचारलेले नाही, हे अगदी खरे आहे, आणि ते विचारणारही नाहीत. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात मँचेस्टरच्या परिसरातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना खानदेशचा कापूस हवा होता, तेव्हाही त्यांनी कापसाव्यतिरिक्त आपल्याला काही विचारल्याचे ऐकिवात नाही. वहिनींना हे बोलून दाखवा किंवा दाखवू नका. पण रात्री दीड वाजताच्या आरडाओरड्याबद्दल त्यांची जी तक्रार या प्रश्नाआड आहे, तिची दखल आधी घ्या. दर सामना तुमच्याच गच्चीवर का, तो आळीपाळीने यावलला आणि दीपनगरला का होऊ नये, याचा विचार व्हायला हवा.

हे उत्तर छापून येईपर्यंत नवा मॅनेजर आलाच असेल, तर पहिले दोन महिने तक्ता पाहू नका. गोलरक्षक चेंडू पायाने कोणाकडे देतो, चेंडू गेल्यावर पुढच्या तिघांपैकी किती जण आणि किती वेळात मागे पळतात, एक गोल खाल्ल्यानंतरच्या दहा मिनिटांत रचना टिकते की विस्कटते आणि जायबंदी खेळाडूच्या जागी तो कोणाला उभा करतो, एवढ्या चार गोष्टी मास्तरांना वहीत लिहायला सांगा. त्यांना सवय असेलच. फेब्रुवारीत ती वही मध्ये ठेवून बोला, आणि तेव्हाही इंजिनियर मित्र पाच सामने जिंकल्याचा हिशेब घेऊन आले, तर त्यांना मार्च २०१९ मधला तो करार आठवतो का, एवढेच विचारा.